पाठमोरेकाकांच्या टेबलावरची टीप

पाठमोरे हे काकांचं आडनाव नाही, हे मला हॉटेलात कामाला लागून बरेच महिने झाल्यावर कळलं. तोवर मी पगाराच्या पाकिटावर बिनदिक्कत ‘श्री. पाठमोरे’ लिहीत होते, आणि काकाही चकार शब्द न काढता ते पाकीट खिशात घालत होते. शेवटी एकदा लांबूने ते पाकीट पाहिलं आणि तो हसून हसून खाली बसला. लांबू म्हणजे आमच्याकडचा दुसरा वेटर, दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा. त्याने खुलासा केला की हे नाव काकांना त्यांच्या सवयीवरून पडलंय. मी ओशाळले. काका म्हणाले, “राहू दे पोरी, सवय झालीय. खऱ्या नावाने हाक मारलीस तर मी बघणारसुद्धा नाही.”

सवय अशी, की टेबलावर बिल ठेवलं आणि गिऱ्हाइकाने पाकिटाला हात घातला की काका पाठ फिरवत. खिडकीकडे तोंड करून, हात मागे बांधून, रस्त्यावर फार महत्त्वाचं काहीतरी चाललंय अशा थाटात उभे राहत. गिऱ्हाईक उठून दाराबाहेर पडेपर्यंत वळायचं नाही. बशीत काय पडलं, पडलं की नाही, हे त्याच्यादेखत बघायचं नाही. मागून जाऊन आभार मानायचे नाहीत, आणि काही ठेवलं नसेल तर दुसऱ्या दिवशी वाढताना कपाळावर आठी आणायची नाही. “पैसे काढताना माणूस उघडा पडतो,” ते नव्या वेटरना सांगत. “तेव्हा त्याच्याकडे बघू नये. आणि टीपेची वाट बघणाऱ्याची मानच वेगळी दिसते, ते गिऱ्हाइकाला बरोबर कळतं.”

मला खरं सांगायचं तर हे सगळं थोतांड वाटायचं. मी गल्ल्यावर बसणारी बाई. माझा जन्म लोकांच्या हातांकडे बघण्यात गेला. कोण सुटे पैसे मुठीत दाबून धरतो, कोण बायकोदेखत मोठी नोट ठेवतो आणि बायको दाराबाहेर गेली की परत येऊन उचलतो, हे सगळं मी पाहिलेलं. असल्या लोकांसमोर कसली पाठ फिरवायची? उलट डोळे वटारून उभं राहावं. पण काकांच्या टेबलांवरच सगळ्यात जास्त टीप पडायची, त्यामुळे माझं तत्त्वज्ञान मी गल्ल्यात ठेवून कुलूप लावायचे.

गल्ल्याशेजारी वेटरांचे पत्र्याचे डबे असत. प्रत्येकाचा एक. गिऱ्हाईक गेलं की टेबलावरची टीप वेटरने स्वतः आणून आपल्या डब्यात टाकायची, खिशात घालायची नाही. शनिवारी दुपारची गर्दी ओसरली की सगळ्यांसमोर डबे उघडायचे. अर्धे पैसे ज्याचा डबा त्याचे, अर्धे आतल्यांचे. आतले म्हणजे आचारी आणि भांडी घासणारा. इथवर सगळं ठीक होतं. पण या रिवाजाला एक शेपूट होतं. ज्याचा डबा महिनाभर जवळजवळ रिकामाच निघेल, त्याने वेटरचं जाकीट उतरवायचं आणि आत जायचं. “ज्याला गिऱ्हाईक खूश करता येत नाही त्याने बाहेर कशाला मिरवायचं?” असा त्यामागचा हिशेब. हा नियम जुन्या मालकांच्या काळात खुद्द पाठमोरेकाकांनीच घालून दिलेला होता.

त्या नियमाने आत गेलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे हसऱ्या. हे नावही काकांनीच ठेवलेलं. हसऱ्या कधीही हसत नसे. कामाला वाघ, ऑर्डर कधी चुकवायचा नाही, पण चेहरा असा की गिऱ्हाइकाला वाटावं आपण याच्या घरी न सांगता जेवायला आलोय. त्याचा डबा महिनाभर खडखडत राहिला. काकांनी त्याला बोलावलं, जाकीट काढून घेतलं आणि मोरीकडे बोट केलं. हसऱ्याने बाह्या वर केल्या आणि आत गेला. तेव्हापासून तो आतच आहे. बाहेर कोण येतं, कोण जातं, याच्याशी त्याचा संबंध संपला.

मग काकांचे हात गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण ऐकेनासे झाले. आधी बशीत कप वाजायला लागला. मग पाणी ओतताना टेबलक्लॉथवर ओघळ. डॉक्टरांनी सांगितलं, हे थरथरणं आता असंच राहणार, वाढेल पण जाणार नाही. काकांनी हात जाकिटाच्या खिशात घालून फिरायला सुरुवात केली, पण वेटर खिशात हात घालून किती वेळ फिरणार?

लोकांना दया येते, हे खरं. पण त्या दयेची मला पुरेपूर ओळख झाली. पहिल्यांदा लोक गहिवरतात, “असू द्या, असू द्या” म्हणत स्वतःच डाग पुसतात आणि जाताना नेहमीपेक्षा जास्त ठेवतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा हळूच लांबूच्या टेबलावर जाऊन बसतात. काकांचा डबा हलका होत गेला. मालकीणबाई म्हणजे जुन्या मालकांची लेक. बाई वाईट नव्हे, पण सरळ रेषेत चालणारी. एका शनिवारी त्यांनी काकांचा डबा हातात घेऊन तसाच खाली ठेवला आणि म्हणाल्या, “काका, नियम तुमचाच आहे. मी तुम्हालाच सूट दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? महिनाभर बघते.” काका म्हणाले, “बरोबर आहे.” मी मात्र मनात त्यांच्या घरखर्चाचा हिशेब मांडू लागले.

कारण मी त्यांचं घर पाहिलं होतं. एक खोली, खिडकीला लागून पलंग, पलंगावर काकू. काकूंना दमा. जिना उतरायचा म्हटला तर अर्धा दिवस तयारीत जायचा. काकांचा पगार खोलीच्या भाड्यात जिरायचा आणि काकूंचं औषध, दूध, भाजी, सगळं शनिवारच्या डब्यावर चालायचं. मी एकदा पगाराचं पाकीट द्यायला गेले होते. काका चहा टाकायला उठले तर काकूंनी त्यांना दटावून बसवलं आणि शेजारणीला हाक मारली. मग काका बाहेर गेल्याचं बघून मला जवळ बोलावलं. “यांच्या हातात घरी कप राहत नाही गं. तिथे कसं करतात?” मी धडधडीत म्हणाले, “तिथे काही जाणवत नाही काकू, कामाच्या नादात थांबतं ते.” काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी उरलेला चहा तसाच ठेवून उठले.

पुढच्याच आठवड्यात दुपारी हसऱ्या मागच्या दाराने गल्ल्यापाशी आला. हात ओले, आणि त्या ओल्या हातात एक नोट. म्हणाला, “काकांच्या डब्यात टाका.”

मी बघतच राहिले. “तू? तुला तर त्यांनीच आत घातलं.”

“टाका हो,” तो म्हणाला. “भांडी तुंबलीयत.”

पण डब्यात नुसतं टाकून भागणार नव्हतं. काका स्वतःच्या हाताने टाकत, त्यामुळे आत किती आहे याचा त्यांना अंदाज असायचा. तेव्हा लांबूने डोकं चालवलं. पैसे डब्यात नाही, टेबलावर ठेवायचे. काका खिडकीकडे तोंड करून उभे असतात, गिऱ्हाईक उठून दाराकडे निघतं, त्या मधल्या वेळात शेजारून जाता जाता बशीखाली नोट सरकवायची की झालं. ज्या सभ्यपणापायी काकांनी आयुष्यभर पाठ फिरवली, त्याच पाठीमागे आम्ही सगळे मिळून त्यांना फसवायला लागलो. लांबू, मिशाळ नावाचा तिसरा वेटर, आचारी, मी, हसऱ्या, सगळे. त्यात गंमत अशी, की शनिवारी अर्धा वाटा आतल्यांचा, म्हणजे हसऱ्याचे काही पैसे फिरून हसऱ्याकडेच जायचे. आचारी म्हणायचा, “एवढ्या उलाढालीत आपण बँक काढली असती.”

डबा भरू लागला. आणि काका फुलले! इतके, की मला कधीकधी त्यांचा रागच यायचा. रस्सा सांडलेल्या टेबलावरून नोट उचलून आणायचे आणि लांबूला सुनवायचे, “बघ. माणूस सांडण्याकडे बघत नाही, वागण्याकडे बघतो. तू नुसता पळत असतोस.” लांबू मान खाली घालून “हो काका” म्हणायचा. ती नोट त्याचीच असायची. एकदा तर काकांनी त्याला टेबलापाशी उभं करून नीट कसं वाकायचं याचा अर्धा तास धडा दिला. लांबू नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाला, “पैसे माझे, आणि वर बोलणीही मलाच.” पण तो हसत होता, आणि तो महिना पार पडला. मालकीणबाईंनी डबा उचलला, भुवया वर केल्या आणि म्हणाल्या, “काका, मानलं तुम्हाला.”

आता घड्याळजींबद्दल सांगायला हवं. समोरच्या रस्त्यापलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, हसऱ्या आत गेल्यानंतर थाटलेलं. रोज दुपारी जेवायला आमच्याकडे, कोपऱ्यातलं टेबल, सूप आणि पाव, आणि टीप कधीही नाही. एक दमडी नाही. कंजूषपणा नव्हता तो, तत्त्व होतं. “मी घड्याळाची दुरुस्ती करतो, ठरलेले पैसे घेतो. वर कुणी दिले तर परत करतो. मग मीही वर देत नाही,” असं त्यांनी काकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलेलं. माझ्या मते हे तत्त्वबित्त काही नसतं, हात आखडायचाच असला की माणसाला तत्त्वं सुचतात. पण काका त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त जपायचे. सूप गरमच हवं, पाव कडेने भाजलेलाच हवा. मी चिडवलं की म्हणायचे, “सगळ्यांकडून मिळते गं. या एका माणसाकडून मिळाली असती तर मी समजलो असतो की आपल्याला काम येतं.” हॉटेलात बाहेर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. घड्याळजींच्या टेबलावर कुणी चुकूनही काही ठेवलं नसतं.

पण त्या शनिवारी मिशाळ आला नाही. त्याला ताप होता. गर्दी उसळलेली. मालकीणबाईंनी हसऱ्याला बाहेर काढलं, टेबलं आवरायला. वर्षानुवर्षं मोरीत असलेला माणूस एप्रन झटकून बाहेर आला आणि उजेडाने डोळे बारीक करून टेबलांमधून फिरू लागला. गिऱ्हाइकांचे चेहरे त्याला नवीन होते.

आणि नेमकं त्या दिवशी काकांनी घड्याळजींच्या बाहीवर सूप सांडलं. थोडंथोडकं नाही, अख्खी वाटी कलंडली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळजी “राहू द्या” म्हणाले, रुमालाने बाही पुसली, उरलेला पाव खाल्ला. बिल मागितलं. काका वळून खिडकीकडे उभे राहिले, आणि त्यांच्या पाठीमागे बांधलेले हात मला इतक्या लांबून हलताना दिसत होते. हसऱ्याने ते सगळं पाहिलं असणार. त्याच्या मनात आलं असणार, एवढं सांडल्यावर इथे कोण काय ठेवणार? त्याचा हिशेब अगदी बरोबर होता, फक्त माणूस चुकला. घड्याळजी दाराबाहेर पडले, हसऱ्याने वाटी उचलली आणि बशीखाली नोट ठेवून आत गेला.

काका वळले. बशी उचलली. मी गल्ल्यावरून त्यांचा चेहरा पाहिला, आणि मला काय झालंय ते कळायच्या आधीच काका दाराकडे निघाले होते. कधीही कुणाच्या मागे न जाणारा माणूस, एका हातात नोट आणि दुसऱ्या हातात रिकामा ट्रे घेऊन, रस्त्यात शिरला. एक रिक्षा करकचून थांबली. मी गल्ला उघडा टाकून त्यांच्या मागे धावले. आयुष्यात पहिल्यांदा गल्ला उघडा टाकला मी.

दुकानात पोचले तेव्हा काका काउंटरपाशी उभे होते. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी.

“साहेब, आभार मानायचे नसतात, मला माहीत आहे,” काका म्हणत होते. “पण आज मी सूप सांडलं, आणि आजच तुम्ही...”

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. “आज मी काय?”

काकांनी नोट दाखवली. मी काकांच्या मागून हातवारे करत होते. मान हलवत होते, डोळ्यांनी विनवत होते, की ‘हो’ म्हणा, एकदा ‘हो’ म्हणा. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग नोटेकडे पाहिलं आणि म्हणाले, “ही माझी नव्हे. मी काही ठेवलेलं नाही.” भिंग पुन्हा डोळ्यावर ओढत पुढे म्हणाले, “तुम्ही सांडलंत म्हणून राग नाही. पण मी ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

मला त्या माणसाचा इतका संताप आला, की हाताशी येईल ते घड्याळ फेकून मारावंसं वाटलं. एकदा खोटं बोलला असता तर काय काटे उलटे फिरले असते? पण त्याचं काही चुकलं नव्हतं, हेच तर वाईट होतं. काकांनी नोट उलटीसुलटी करून पाहिली. ती ओली होती. एका कडेला साबणाचा फेस अजून तसाच होता.

रस्ता ओलांडताना मी त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. “किती दिवसांपासून?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “काका, गाडी येतेय, बघून चला.” त्यांना तेवढ्यानेच काय ते कळलं.

ते टेबलांकडे गेले नाहीत. सरळ आत, मोरीपाशी. मीही मागोमाग गेले. गल्ल्याचं जे व्हायचं ते होवो. काकांनी जाकीट काढून खुंटीला अडकवलं आणि दाताने ओढून बाह्या वर केल्या. बोटांना बटणं जमत नव्हती.

“सरक,” ते हसऱ्याला म्हणाले. “नियम माझाच आहे. आजपासून मी आत.”

हसऱ्या सरकला. काकांनी फेसातून एक काचेचा पेला उचलला. धुवायला नळाखाली धरला. हसऱ्याने आपला पंजा पेल्याच्या खाली धरून ठेवला. पेला सुटला, आणि त्याच्या पंजात पडला. काकांनी दुसरा उचलला. हसऱ्याचा पंजा पुन्हा खाली गेला. तोही सुटला.

“काका,” हसऱ्या म्हणाला, “इथे फुटेल त्याचे पैसे पगारातून कापतात. तुम्हाला महिन्याला काही हातात पडणार नाही.”

“मग मी कुठे जाऊ?”

“बाहेरच बरे तुम्ही.”

“बाहेर मला कोण टीप देतंय रे?”

“आम्ही देतो की.”

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, जणू कुणी मीठ कुठे आहे विचारलं आणि याने सांगितलं. मी इतके दिवस समजत होते, की आम्ही काकांची इभ्रत वाचवतोय. आत जायची नामुष्की टळावी म्हणून सगळा खटाटोप. पण आतही त्यांना जागा नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते फक्त मोरीपाशी उभा असणाऱ्यालाच ठाऊक होतं.

काकांनी मनगटाने नळ बंद केला. मग म्हणाले, “तुला मी आत घातलं.”

“हो.”

“राग नाही तुला?”

“आहे ना. रोज येतो.” हसऱ्याने दोन्ही पेले पुसून फळीवर ठेवले. “पण तुम्ही काम सोडून घरी बसलात तर काकूंचं काय करायचं? रागाने औषध मिळत नाही.”

बाहेरून मालकीणबाईंची हाक आली, डबे उघडायचेत म्हणून. काकांनी जाकिटाकडे हात नेला. बाही सापडेना, तेव्हा मी धरून दिली. बटणं लांबूने लावली. तो दारात येऊन कधी उभा राहिला होता, कोण जाणे. सगळे गल्ल्यापाशी जमलो.

काकांचा डबा सगळ्यात जड निघाला. मालकीणबाई खुशीत होत्या. “शिका जरा काकांकडून,” त्या लांबूला म्हणाल्या. लांबू म्हणाला, “हो.” मी पैशांचे दोन वाटे केले. आतल्यांचा वाटा हसऱ्यापुढे सरकवला आणि काकांचा हातात धरून उभी राहिले. ते घेतात की नाही, याकडे आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. घेतले नाहीत तर मालकीणबाई विचारणार, आणि त्यांनी विचारलं की सगळं संपलं. काका माझ्या हातांकडे बघत राहिले. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत दाराबाहेर गेल्या.

काकांनी दोन्ही हात पुढे केले. एका हातात राहिले नसते. मी पैसे ठेवले आणि वरून माझ्या हातांनी त्यांची बोटं मिटवली.

ते लांबूकडे वळले, मग हसऱ्याकडे. चेहरा रागाने लाल झाला होता, की लाजेने, मला सांगता येणार नाही. “घेतो,” ते म्हणाले. “पण पुन्हा मला कळेल असे ठेवू नका.”

मग फडकं उचलून ते कोपऱ्यातलं टेबल पुसायला गेले.